मागून आणलेलं झबलं

"तोंड झाकलंस ते झाकलंस, पर ह्या चपला कुठं झाकशील गं?"

मी वहिनीची साडी नेसून, पदर नाकाच्या शेंड्यापर्यंत ओढून, तासगावच्या बाजारात जुन्या कपड्यांच्या रांगेत उकिडवी बसले होते. समोर केराबाई. तिच्यापुढं पोत्यावर कपड्यांचा ढीग, आणि त्या ढिगात माझे हात कोपरापर्यंत गेलेले. चपला लाल पट्ट्यांच्या होत्या. रोज आमच्या दुकानाच्या पायरीवर पडलेल्या दिसायच्या आणि तसल्या दुसऱ्या कुणाच्या पायात नव्हत्या. वेषांतर करायला बसलेलं माणूस डोक्यापासून सुरुवात करतं आणि पायांपर्यंत पोचेस्तोवर कंटाळतं, दुसरं काय!

"बाळराजेवाल्याची भैन न्हवं तू?" केराबाई म्हणाली. "का दादानं धाडलंय, आमचा माल बघून ये म्हून?"

"हळू बोला हो अक्का."

"हळू बोलून कापडं खपत न्हाईत बाई."

'बाळराजे ड्रेसेस' म्हणजे माझ्या थोरल्या भावाचं, मुरलीदादाचं दुकान. तान्ह्या बाळापासून शाळकरी पोरापर्यंत सगळं तयार. आम्ही गणबावले, जातीचे शिंपी. वडील, म्हणजे आमचे अण्णा, जन्मभर मशीनवर वाकले आणि तसेच गेले. आई त्यांच्याही आधी. दादानं मात्र मशीन सोडून दुकान थाटलं, काचेची कपाटं केली, आणि गिऱ्हाइकाला चहा पाजून एक व्याख्यान फुकट द्यायचा. विषय ठरलेला. लेकराच्या अंगाला जुनं लावू नये. दुसऱ्याच्या अंगावरचं उतरलेलं घालून वाढलेलं पोर जन्मभर दुसऱ्याच्या मागं चालतं, असं त्याचं एक लाडकं वाक्य होतं. ते त्यानं स्वतःच रचलं होतं, पण सांगताना 'म्हणतातच ना' अशी सुरुवात करायचा.

आणि त्याच दादाची बहीण जुन्या कपड्यांच्या ढिगात तान्ह्या बाळाचं झबलं शोधत होती. आता या गोष्टीला पस्तीस वर्षं होत आली, पण तेव्हाचा तो घाम मला अजून आठवतो.

"काय पायजे?" केराबाईनं विचारलं.

"झबलं. अगदी बारकं."

"कुनाला?"

"दुकानात बाहुली आहे काचेत. तिला."

केराबाई इतकी हसली की शेजारची वाडगी-बश्या विकणारी बाई उठून बघायला आली. "नव्या कापडाच्या दुकानात बाहुलीला जुनं झबलं! खोटं बोलायचं तर जरा अंगाबरोबर तरी शिव की गं. शिंप्याची न्हवं तू?"

मग मी पदर खाली घेतला आणि खरं ते सांगितलं. कुमुदवहिनीचे दिवस भरले होते. हे दुसरं. पहिलं बाळंतपण तिच्या माहेरी झालं होतं. मुलगा झाला, चौथ्या दिवशी गेला. पाचवीची पूजासुद्धा व्हायची होती. त्या चारही दिवसांत त्याच्या अंगावर दादानं स्वतः शिवून पाठवलेलं गुलाबी मलमलीचं कोरं झबलं होतं. इतकं देखणं की बघायला आलेली प्रत्येक बाई बाळाच्या आधी झबल्याकडं बघायची. बाळ गेल्यावर त्याच बाया म्हणाल्या, तान्ह्याला पहिलं कोरं घालतात का? पहिलं जुनंच लागतं अंगाला. नजर लागली.

दादाला मूल गेल्याचं सगळ्यांनी सांगितलं, पण हे कुणी सांगितलं नव्हतं. तरी ते त्याच्या कानावर आलंच होतं. गावात असल्या बातमीला पोस्टाची गरज नसते.

या खेपेला वहिनी माहेरी गेली नाही. आणि तिनं आयुष्यात पहिल्यांदा माझ्याकडं काही मागितलं. "नंदा, मला एक जुनं झबलं आणून दे. जगलेल्या लेकराच्या अंगचं. यांना कळू देऊ नकोस."

केराबाईचं हसणं थांबलं. तिनं माझ्या हातातलं झबलं काढून घेतलं आणि परत ढिगात टाकलं.

"ह्यातलं न्हाई चालायचं."

"का? जुनंच तर आहे."

"जुनं हाय, पर कुनाचं हाय? बोहारनीकडनं आलंय. तिनं कुटनं आनलं, कुनाच्या घरचं, ते लेकरू हाय का न्हाई, मला काय ठावं? धा-बारा वर्साच्या पोराला सदरा न्यायचा तर खुशाल ने, धुतलंय, टाका घातलाय. पर पयलं झबलं इकत घ्यायचं नसतं. जगल्या-वाढल्या घरातनं मागून न्यायचं असतं."

"मग कुठं मागू?"

"माझ्याकडं." ती एवढ्या सहज म्हणाली की मला वाटलं थट्टा करतेय. "पाच लेकरं हायती मला. पाचीच्या पाची धडधाकट, एकाला बी कदी शिंक न्हाई आली म्हनलीस तरी चालंल. पाचांनी एकच झबलं घातलंय. पेटीत हाय. पर तुला न्हाई द्यायची. आईनं न्हाईतर बापानं यावं लागतंय. वटी पसरून मागावं लागतंय."

"वहिनीला कसं येता येईल? तिचे दिवस भरलेत. ओढ्यापलीकडं चालत..."

"मग तुज्या दादाला धाड," केराबाई म्हणाली आणि दुसऱ्या गिऱ्हाइकाकडं वळली.

म्हणजे झालं. दादाला धाडायचं! त्यापेक्षा मारुतीच्या देवळातल्या मारुतीला धाडणं सोपं होतं.

वहिनीनं ऐकून घेतलं आणि मला म्हणाली, "मीच बोलते." ती बोलली, तेव्हा दादा भाकरीचा पहिला घास मोडत होता. तो घास तसाच ताटात परत गेला.

"माझ्या दुकानात झबल्यांची थप्पी लागलीय. आणि माझं लेकरू उतरलेलं घालणार?"

"एकदाच घालायचं आहे. पहिल्या दिवशी."

"गावात कळलं तर? लोका सांगे ब्रह्मज्ञान, आपण कोरडे पाषाण! कोण चढेल माझ्या दुकानाची पायरी?"

"मला जमलं असतं तर मीच गेले असते हो."

"आणि मागायचं कुणाकडं, तर जुन्या बाजारातल्या बाईकडं! ओटी पसरून! अगं, तिच्या रांगेमुळं माझं निम्मं गिऱ्हाईक..." इथं त्याला ठसका लागला. वहिनीनं पाणी दिलं. ती आणखी काही बोलली नाही, आणि तिचं ते न बोलणं दादाला कधीच सोसायचं नाही. भांडणाऱ्या बायकोपुढं तो वाघ असायचा, गप्प बायकोपुढं शेळी.

नंतरचे काही दिवस दादा फार शहाण्यासारखा वागला. म्हणजे काहीतरी शिजत होतं. दुपारचा घरी यायला लागला, आणि आम्ही दोघी जरा आडव्या झालो की परसातून थप् थप् आवाज यायचा. एकदा मी जाऊन बघितलं. दुकानाचा मालक, इस्त्रीच्या शर्टाच्या बाह्या कोपरापर्यंत दुमडून, धुण्याच्या दगडावर वीतभर झबलं आपटत होता. शेजारी सोडा, शेजारी वीट. आपटायचा, विटेनं घासायचा, उन्हात धरून बघायचा, परत आपटायचा.

मी मागं फिरले. कळायला वेळ लागला नाही, पण हसू दाबायला लागला.

आठवड्याच्या आत दादा एका संध्याकाळी तोंडभर हसत घरी आला आणि कागदाची पुडी वहिनीच्या पुढ्यात ठेवली. "घे तुझं जुनं. कवठ्याच्या एका पाटलीणबाईंनी दिलं. गिऱ्हाईक आहेत आपल्या. पाच लेकरं, पाचही जगली. मी मागितलं हो. अगदी तू म्हणतेस तसं मागितलं."

वहिनीनं पुडी सोडली. झबलं खरोखर विटलेलं होतं. एका बाजूला हळदीचा डाग, गळ्याची कड झिजलेली, आणि खांद्यावर ठिगळ. दादानं कसर म्हणून ठेवली नव्हती.

वहिनीनं ते ठिगळ बोटानं चाचपलं. मग उजेडाकडं धरलं. मग माझ्याकडं बघितलं, आणि मी छताकडं.

"अहो," ती म्हणाली, "पाच पोरांमागं धावणारी बाई असलं ठिगळ लावते होय?"

"का? काय झालं ठिगळाला?"

"उभ्या धाग्याला उभा धागा जुळवलाय. टाका शोधून सापडत नाही. असलं ठिगळ जिल्ह्यात एकच माणूस लावतो, आणि त्याचा हात वाकडा टाका घाल म्हटलं तरी वळत नाही."

दादाचं तोंड बघण्यासारखं झालं. कापड जुनं करायला त्यानं दगड वापरला, वीट वापरली, पण शिवायची वेळ आली तेव्हा हातानं दगा दिला. वाईट शिवणं त्याला येतच नव्हतं! मी हसले. वहिनीसुद्धा हसली. आणि हसता हसता तिनं विचारलं, "एवढा खटाटोप केलात. त्यापेक्षा जाऊन मागितलं असतं तर? एवढा कसला मान आडवा येतो तुमच्या?"

दादा हसला नाही. पाटावर बसला.

"मान नाही गं." त्यानं ठिगळावर बोट ठेवलं. "जुनं घातलं आणि हे जगलं, तर त्याचा अर्थ काय होतो, कुमुद?"

"काय होतो?"

"पहिलं माझ्या झबल्यानं गेलं, असा होतो."

मी हसायची थांबले. दादाच्या त्या व्याख्यानांमागं, त्या चहामागं, त्या काचेच्या कपाटांमागं हे बसलेलं असेल असं मला स्वप्नातही वाटलं नव्हतं. मला तो नुसता बढाईखोर वाटायचा. मला फार वाईट वाटलं.

"मी असं कधी म्हटलं?" वहिनीनं विचारलं.

"तू म्हटलं नाहीस. तू जुनं मागितलंस."

वहिनी जागची उठली. त्या अवस्थेत उठणं म्हणजे एक कामच होतं. तिनं ते खोटं जुनं झबलं नीट घडी घालून कपाटात ठेवलं आणि म्हणाली, "मला काही नको. घरात असेल ते घालू. तुम्ही जेवायला बसा."

सकाळी मी भांडी घासत होते तर दादा मागं येऊन उभा राहिला. डोक्याला टोपी, खांद्यावर उपरणं. लग्नाला निघाल्यासारखा.

"चल. वाट दाखव."

"कुठली?"

"केराबाईच्या घरची."

"पण वहिनी तर नको म्हणाली."

"म्हणूनच," दादा म्हणाला. "तिचं तसलं 'नको' मला नको. पहिल्याचं खापर माझ्या डोक्यावर फुटायचं तर फुटू दे. तिला झोप लागली म्हणजे झालं."

आम्ही ओढा ओलांडून वस्तीत शिरलो. केराबाईचं घर म्हणजे दोन खोल्या, पुढं अंगण, अंगणात पेरूचं झाड, आणि दोऱ्यांवर सगळीकडं वाळत घातलेले लोकांचे जुने कपडे. चार पोरं अंगणात चिखलाचं काहीतरी करत होती. केराबाई दारात उभी राहिली. दादाला बघून तिनं पदर सारखा केला, पण हसू काही तिला सारखं करता आलं नाही.

"या शेट."

दादा उभाच राहिला. मग घसा खाकरून म्हणाला, "ते झबलं... जरा दाखवा की."

"दाखवा न्हवं शेट. ते तुमचं गिऱ्हाईक म्हनतंय. हितं द्या म्हनायचं."

दादानं टोपी काढून माझ्या हातात दिली. खांद्यावरचं उपरणं सोडलं आणि दोन्ही हातांनी पुढं पसरलं. तो मागत होता. अख्ख्या गावाला नवं नेसवणारा माझा भाऊ!

"अक्का, माझ्या लेकराला तुमच्या लेकरांचं उतरलेलं द्या."

केराबाईची थट्टा कुठल्या कुठं गेली. ती आत गेली, पेटी उघडल्याचा आवाज आला, आणि बाहेर येऊन तिनं दोन्ही हातांनी झबलं उपरण्यात घातलं. "घ्या. माज्या पाचांचं आविश्य लागू दे त्येला."

झबल्याचा मूळ रंग कुठला ते देवालाच ठाऊक. आता ते सायीसारखं झालं होतं, रंगानंही आणि हातालाही. दादानं ते उचललं आणि उलटं केलं. शिंप्याच्या घरात कापडाचं तोंड कुणी आधी बघत नाही, पाठ बघतात. त्यानं शिवण बघितली, काखेतली कळी बघितली, आणि खालच्या दुमडीवरून बोट फिरवत गेला. एका जागी बोट थांबलं.

"हे कुठून आणलंत?"

"कुटनं म्हंजे? आमचंच हाय."

"शिवलं कुणी?"

"थोरलीच्या टायमाला मालकानं शिवून आनलं. मारुतीच्या कट्ट्यावर एक पोरगा मशीन घिऊन बसायचा, शिकाऊ. का वो?"

दादानं मला ती दुमड दाखवली. आत, कुणाला दिसणार नाही अशा जागी, एकच काळा टाका होता. अण्णांची रीत. तान्ह्या बाळाचं काही शिवलं की आतून एक काळा टाका घालायचा. कापडाला लावलेली तीट म्हणायचे ते. गावात दुसरा कुणी शिंपी तसं करत नसे.

"तो पोरगा मी," दादा म्हणाला.

केराबाईनं त्याला खालीवर न्याहाळलं. "तुमी व्हय! तवा मिशी न्हवती."

"अक्का, थोरलीला... कोरंच घातलं होतं का हे?"

"कोरंच की. आमी गावात नवं. कुनाची वळख न्हाई, पाळख न्हाई. आमाला जुनं कोन देनार? लई रडले मी तवा. आपल्या लेकराच्या अंगाला लावायला कुनाचं उतरलेलं बी न्हाई म्हून. घडी मोडली आन घातलं."

"मग?"

"मग काय?"

"मग पोरीला... काही झालं नाही?"

"तिला काय व्हतंय? वर बगा की."

दादानं मान वर केली आणि त्याच वेळी एक कच्चा पेरू बरोबर त्याच्या कपाळावर बसला. फांदीवर नऊ-दहा वर्षांची एक पोरगी, झिपऱ्या मोकळ्या, फ्रॉकचा ओचा पेरूंनी भरलेला, दात काढून हसत होती.

"सगुने! उतर खाली! पावन्याला मारतीस व्हय?" केराबाई ओरडली.

दादा वर बघतच राहिला. ज्या पोरीनं जन्मल्या जन्मल्या त्याच्या हातचं कोरं झबलं घातलं होतं, ती पोरगी फांदीवर पाय हलवत बसली होती. चांगली दणकट होती. गुडघे फुटलेले होते. दादाच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी यायला लागलं आणि ते पुसायचंसुद्धा त्याला सुचलं नाही.

सगुणा वरून घाबरून म्हणाली, "लई लागलं का वो?"

"नाही गं बाई," दादा म्हणाला. "अजून एक मार."

घरी आलो तर वहिनी दारातच उभी होती. दादानं उपरण्यातलं झबलं तिच्या हातात दिलं. तीही शिंप्याचीच बायको. तिनं ते उलटं केलं, दुमडीवरून बोट नेलं, आणि तिचंही बोट तिथंच थांबलं. ती दादाकडं बघायला लागली. सगळं मीच सांगितलं, पेरूसकट.

"पहिलीनं कोरंच घातलं?" तिनं परत विचारलं.

"कोरंच."

"आणि झाडावर चढते?"

"चढते कसली, राहायलाच आहे तिथं," मी म्हटलं.

वहिनीनं दादाच्या कपाळावरच्या टेंगळाला हात लावला. मग ते झबलं छातीशी धरून ती पहिल्या बाळासाठी पोटभर रडली. दोन वर्षांत ती अशी कधी रडली नव्हती. दादा तिच्या शेजारी बसून राहिला.

तिला दवाखान्यात नेलं तेव्हा माझ्या पिशवीत दोन झबली होती. एक केराबाईचं. दुसरं पांढऱ्या मलमलीचं, दादानं अण्णांच्या मशीनवर बसून शिवलेलं, कोरं करकरीत. दुसरं का शिवलंस ते मी विचारलं नाही आणि त्यानंही सांगितलं नाही.

मुलगी झाली. नर्सबाईंनी अर्धवट उघड्या दारातून डोकं बाहेर काढलं. "बाळाचे कपडे आणा. लवकर!"

मी दोन्ही हातांत दोन झबली घेऊन दारात उभी राहिले. "कुठलं देऊ?"

"जुनं," माझ्या मागून दादा म्हणाला.

"नवं," आतून खाटेवरून वहिनी म्हणाली.

"अगं, तुझ्या मनाला बरं वाटतं ना, मग जुनंच घाल."

"तुम्ही हातानं शिवलंय. मला नवंच घालायचंय."

"कुमुद, मी म्हणतो म्हणून..."

"एकदा तरी माझं ऐका!"

नर्सबाई एकदा याच्याकडं, एकदा तिच्याकडं बघत राहिल्या. आणि माझी भाची तोवर अंगावर जुनं नाही, नवं नाही, तशीच उघडी, मुठी आवळून, सगळा दवाखाना गोळा होईल एवढ्यानं ओरडत होती.